सोमवारच्या आधी मेळघाट

आमच्या घरात प्रवास म्हणजे कुणाचं तरी लग्न, नाहीतर कुणाची तरी मयत. तिसरं कारण असलंच तर दवाखाना. नुसतं पाहायला म्हणून कुणी कुठं गेलं, असं आमच्या घराण्यात कधी घडलेलं नाही. म्हणून मी अमरावतीहून फोन करून सांगितलं, "बाबा, गुरुवारी गाडी घेऊन येते, आपण चौघं मेळघाट फिरून येऊ, तंबूत राहू," तेव्हा बाबांचा पहिला प्रश्न होता, "कोण वारलं?"

कोणी वारलं नव्हतं. माझी धाकटी बहीण प्रज्ञा वनरक्षकाच्या भरतीत निवडली गेली होती. लेखी झाली, धावणं झालं, उंची-छाती मोजून झाली आणि मेळघाटातल्या एका गावी तिला सोमवारी रुजू व्हायचं होतं. गावाचं नाव लिहीत नाही. सेमाडोहच्या बाजूला आहे, एवढं पुरे. बाबा 'नको' म्हणत नव्हते. ते 'पाहू' म्हणत होते, आणि अडचण तीच होती. बाबा आठवडी बाजारात ताडपत्री टाकून सुकी मिरची, हळद, धने विकतात. गिऱ्हाईक 'पाहू' म्हणून उठलं की ते परत येत नाही, हे त्यांनीच आम्हा बहिणींना लहानपणी शिकवलं आहे.

प्रज्ञाचंही एकच टुमणं. "बाबानं तोंडानं जा म्हटलं तर जाईन. भांडून नाई जाणार."

सोमवारी हजर झाली नाही तर नोकरी पुढच्या नंबराला. म्हणून ही सहल. बाबांनी ते जंगल, ते रस्ते, ती माणसं एकदा डोळ्यांनी पाहावीत आणि काय ते एकदा बोलून टाकावं. यात लपवाछपवी काही नव्हती. गाडीत बसणाऱ्या चौघांनाही ठाऊक होतं आपण कशाला निघालो ते.

अकोला ते शहानूर

गाडी माझ्या स्वतःच्या नावावर आहे. हे मी मुद्दाम लिहिते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली, एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे, आणि सहलीची आखणी मी पुस्तकवाल्या माणसासारखीच केली होती. कुठून कुठं किती वेळ, कुठं पेट्रोल, कुठं पाणी, तंबू कुठं लावायला चालतो आणि कुठं नाही. वाघांच्या जंगलात मनाला येईल तिथं तंबू ठोकता येत नाही, हेही चौकशी करून ठेवलं होतं. दोन तंबू सहकाऱ्याकडून मागून आणले होते.

तंबू ठेवायला डिकी उघडली तर आत अगोदरच एक फुगलेलं पोतं.

"बाबा, हे काय?"

"गवऱ्या."

"गवऱ्या? कायले?"

"रोडगे कायच्यावर भाजतं? तुया लॅपटॉपवर?"

"तिकडं गवळ्याइचा मुलुख हाय बाबा. पावलोपावली म्हशी हायेत. तिथं गवऱ्या नाई भेटणार का?"

"भेटतीन. पण त्याइच्या गवऱ्या मले मालूम नाई. कच्च्या निघाल्या तं?"

वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. रोडगे म्हणजे जाडसर दळलेल्या कणकेचे, तेलाचा हात देत थरावर थर घालून वळलेले गोळे. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात ते भाजायचे, राख झटकायची, फोडायचे, वर तूप, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. हे जेवण घरात होत नाही. वावरात, झाडाखाली, नदीच्या काठाला होतं. आणि आमच्याकडं जे बाप्ये स्वतःच्या हातानं चहा करत नाहीत, तेच रोडग्याच्या दिवशी बायांना बाजूला बसवून निखाऱ्यापाशी उकिडवे बसतात. म्हणजे आमच्या वडीलधाऱ्यांनी कॅम्पिंग आमच्या आधीपासून केलेलं आहे. फक्त त्याला तंबू नव्हता आणि तसं नाव नव्हतं.

तर एक तंबू मागच्या सीटवर आई आणि प्रज्ञाच्या मधे बसला, आणि गोवऱ्या डिकीत आरामात.

अकोटच्या पुढं रस्ता सातपुड्याच्या अंगाला लागतो तसा वारा बदलतो. डाव्या-उजव्या हाताला केळी, संत्रा, मधेच तुरीची कापणी. शहानूरच्या अलीकडं सलीमभाईंची संत्र्याची बाग आहे. सलीमभाई अकोटच्या बाजारात बाबांच्या शेजारी लसूण घेऊन बसतात. दोघांची ओळख पंचवीसेक वर्षांची, पण बाबांनी त्यांचं घर कधी पाहिलेलं नव्हतं. ओळख सारी दोन ताडपत्र्यांच्या मधल्या हातभर जागेतली.

आम्ही झाडांमधल्या मोकळ्या पट्टीत तंबू उभारायला घेतला तसे सलीमभाई कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"अरे भाऊ, घर में जगा है. इन पोट्ट्याइले बाहर काहून सुलाते? मेरी क्या इज्जत रहेंगी?"

"त्याइलेच हौस हाय," बाबा म्हणाले. "शिकेल हायेत ना. शिकेल लोकाइले घरात झोप नाई येत."

"और ये क्या है? ये तो मच्छरदानी है!"

"मच्छरदानीले बाह्या लावल्या हायेत," आई म्हणाली.

रात्रीचं जेवण सलीमभाईंच्या घरून आलं. तुरीच्या शेवटच्या सोल्यांचा, म्हणजे ओल्या दाण्यांचा भात, ज्वारीची भाकर आणि लसणाची एवढी झणझणीत चटणी की बाबांनी दोन घास गप्प बसून खाल्ले. हा मोठा मान. बाबा बाहेरच्या जेवणात मिरची कोणती आणि किती जुनी हे पहिल्या घासाला सांगून टाकतात आणि यजमानाचा चेहरा पाडतात. या खेपेला तिसऱ्या घासानंतर नुसतं एवढंच म्हणाले, "मिरची माहीच हाय ना ही?"

"और किसकी रहेंगी?" सलीमभाई म्हणाले.

आमच्या घरात पाहुणा ताटावर बसला की बाया आतच. इथंही भाभी दारातूनच ताटं देत होत्या, पण मधेमधे आतून त्यांचा आवाज येई आणि सलीमभाई त्यांना विचारल्याशिवाय एकही ठाम गोष्ट बोलत नव्हते. "क्यूं जी?" म्हणून दाराकडं मान वळवायची आणि मग पुढचं वाक्य. प्रज्ञाच्या नोकरीचा विषय निघाला तेव्हाही त्यांनी मान वळवली. आतून काही आलं नाही. मग त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर सांगून टाकलं, "मत भेजो भाऊ. मेरा साला धारणी के रस्ते पे ट्रक चलाता. वहां फोन नहीं लगता. बेटी बीमार पडी तो तुमको चार दिन बाद मालूम पडेंगा."

मला राग आला. एवढी आखणी करून आणलेल्या माणसाला पहिल्याच मुक्कामी कुणी परत ढकलावं! प्रज्ञा मात्र शांतपणे भाकर मोडत राहिली. बाबांनी माझ्याकडं पाहिलं, म्हणजे बघ, असं मला एकट्यालाच वाटत नाही.

बाबा गाडीत झोपले. आई तंबूत झोपली आणि सकाळी तिला हलवून उठवावं लागलं, हे आमच्या आठवणीत पहिल्यांदा. "काय बाई सुख हाय," चेन उघडून बाहेर डोकं काढत ती म्हणाली. "उठलं की झाडायचं नाई, सारवायचं नाई. चेन लावली की घर बंद."

नरनाळा, मग घाट, मग चिखलदरा

नरनाळ्याबद्दल मी बरंच वाचून गेले होते. महाकाली दरवाजावरचं कोरीव काम, तळी, ती अजस्र तोफ. वाचलेलं प्रत्यक्ष पुढं उभं राहिलं की अंगावर काटा येतो, तसा आला. दरवाजाच्या दगडावरची अक्षरं इतकी नाजूक आहेत की कुणी लाकडावर कोरली असावीत असं वाटतं. सोबतचा वाटाड्या तळ्यांची नावं सांगत होता आणि बाबा त्याला थांबवून विचारत होते, "एवढी फौज होती तं बाजार कुठं भरे?" वाटाड्यानं आधी हसण्यावारी नेलं, मग त्यालाही प्रश्न पडला. दोघं मिळून बाजाराची जागा शोधू लागले. शेवटी एका सपाट माळावर एकमत झालं. बाबा त्या माळावर मधोमध जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "सावली नाई. धंदा नसन होत."

परतवाड्यात आलूबोंडा खाल्ला. आमच्याकडं सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि परतवाड्याचा आलूबोंडा म्हणजे सांबारात चुकून पडलेला बटाटा. वर तर्री. पुण्याच्या माझ्या मैत्रिणी वऱ्हाडातला तिखटपणा ऐकून नुसत्या मान हलवतात. त्यांना एकदा इथं उभं करायचं आहे.

घाटात आमची फजिती झाली. बाबांनी बाहेरच्या जेवणात कमी पडलं तर असावं म्हणून तिखटाचा डबा पायाशी ठेवला होता. एका वळणावर डबा कलंडला, झाकण उडालं आणि बंद काचांच्या गाडीत आमच्याच घरचं तिखट दाटून आलं. मी कशीबशी गाडी कडेला घेतली. चारही दारं उघडून चौघं चार दिशांना शिंकत उभे. वरून येणारी एक बस थांबली. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढून विचारलं, "काय झालं जी? अपघात?"

"मिरची सांडली," बाबा डोळे पुसत म्हणाले. "चांगली हाय. पायजे का?"

चिखलदऱ्याला थंडी होती. विदर्भात थंडीसाठी जायचं ठिकाण हे एकच, म्हणून गर्दीही होती. मोथा गावाच्या बाजूला स्ट्रॉबेरीची वावरं आहेत. बाबांना तिचं रूप आवडलं, चव नाही. "रंग मिरचीचा आन् गोडी ना धड बोराची ना आंब्याची," असं म्हणून त्यांनी खिशातून पुडी काढली आणि स्ट्रॉबेरीला तिखट-मीठ लावलं. आम्ही हसलो, मग खाऊन पाहिली. सांगायला संकोच वाटतो, पण चांगली लागते. तिथला कॉफीचा मळा पाहून मात्र आई खरंच चकित झाली. कॉफी म्हणजे बरणीतली भुकटी, तिचं झाड असतं आणि ते आपल्या अमरावती जिल्ह्यात असतं, हे तिला कुणी कधी सांगितलेलं नव्हतं. ती त्या लाल फळाला बराच वेळ बोटांनी चाचपत राहिली.

संध्याकाळी दरीच्या काठाला गेलो. पुढं डोंगरामागं डोंगर, आणि साऱ्यावर सागाचं जंगल, पानगळ सुरू झाल्यामुळं तांबूस. लोक फोटो काढत होते. बाबा कठड्याला टेकून बराच वेळ पाहत राहिले.

"हे सारं सांभाळाचं?" त्यांनी प्रज्ञाला विचारलं.

"सारं नाई बाबा. एक बीट असते. आपल्या वाटणीचा तुकडा."

"केवढा?"

"पायी फिरून सकाळची संध्याकाळ होते म्हणतात."

"एकटीनं?"

"सोबत मजूर असते कधी. कधी एकटी."

"आन् वाघ?"

"त्याचंच तं घर हाय थे."

खाली दरीत एक पांढरा पक्षी एकटाच उडत चालला होता, तो दिसेनासा होईपर्यंत बाबांनी पाहिला. मग म्हणाले, "पाहू."

प्रज्ञानं मान फिरवली. तिचे डोळे भरले होते ते मी पाहिलं. लहानपणापासून ही पोरगी पडली तरी रडायची नाही. भरतीच्या धावण्यात टाचेला फोड येऊन फुटला तरी हसत आली होती. पण त्या एका शब्दापुढं तिचं काही चालत नव्हतं, आणि शुक्रवार संपत आला होता.

सेमाडोहकडं उतरताना

शनिवारी सकाळी आईनं रोडग्याची कणीक भिजवली, ओवा-मीठ-तेल घालून घट्ट. दुपारच्या सुमाराला आम्ही सेमाडोहच्या वाटेला उतरत होतो. रस्त्याच्या कडेला एका गवळीबुवाचं वावर लागलं. त्याच्याकडं आम्ही खवा घेतला, म्हशीच्या दुधाचा, किंचित तांबूस, तोंडात ठेवला की विरघळणारा. बाबांनी त्याला विचारलं, "तुमच्या बांधावर रोडगे लावले तं चालतीन का?" तो म्हणाला, "लावा की. माह्या वावरात मी कोणाले नाई म्हणत." आणि म्हशी घेऊन पाण्याकडं निघून गेला.

जागा सुरेख होती. मोहाचं मोठं झाड, बाजूनं कोरडा ओढा, आणि ओढ्याच्या पलीकडं लगेच सागाचं रान. जमिनीवर सागाची वाळलेली पानं पसरलेली, पाय ठेवला की पापड मोडल्यासारखा आवाज.

"बाबा, इथं नको," प्रज्ञा म्हणाली. "बाजूलेच जंगल हाय. या दिवसाइत आग लावू देत नाई."

"आग कोण लावून राहिलं? स्वयंपाक हाय. आन् वावर गवळ्याचं हाय. त्यानं हो म्हटलं."

"वाऱ्याले थोडी मालूम हाय वावर कोणाचं थे."

मी तिला म्हटलं, "प्रज्ञा, दगड लावून घेऊ चहूकडं. घडीभराचं काम हाय." मला बाबांची कळी खुललेली पाहायची होती. पोतं डिकीतून उतरवल्यापासून ते वेगळेच दिसत होते. बाह्या वर सरकवलेल्या, उकिडवे बसलेले, गोवऱ्या उभ्या-आडव्या रचत, आईला "तू सरक, तू वांगे चीर" म्हणून हुकूम सोडत. साऱ्या प्रवासात ते माझ्या गाडीत, माझ्या तंबूत, माझ्या आखणीत होते. आता पहिल्यांदा आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात आलो होतो.

गोवऱ्या पेटल्या, धूर सरळ वर गेला, मग निखारे झाले. बाबांनी रोडगे एकेक करून ठेवले. वास सुटला. त्या वासापुढं मी पाहिलेला प्रत्येक किल्ला आणि दरी फिकी, हे ग्रंथपाल असूनही लिहिते.

ओढ्याच्या पलीकडून कुणीतरी हाक मारली. खाकी कपड्यातली एक बाई, हातात काठी, पाठीला पाण्याची बाटली, झपाझप पानं तुडवत येत होती. सोबत एक मजूर. वय पस्तिशीचं असेल. ओढा ओलांडून ती सरळ निखाऱ्यांपाशी आली.

"काका, विझवा हे."

"राम राम मॅडम," बाबा म्हणाले. "आग नाई जी, जेवण हाय. पंधरा मिनिटं."

"नाही. आत्ता."

"बरं, दहा."

"काका, वरून धूर दिसला म्हणून मी टेकडी उतरून आली. वारा पाहा."

"आठ करा. तुमी बी बसा. चार रोडगे तुमचे, दोन या भाऊचे."

आई वांगी चिरता चिरता पुटपुटली, "झालं. मिरचीचा भाव सुरू झाला."

"काका," ती बाई म्हणाली, आणि आता तिचा आवाज थोडा चढला, "इथं भाव नाही."

"भाव सगळीकडंच असते मॅडम. पाच मिनिटं. फिरवले की झालेच."

तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली. ओढ्यातून एक पान उडत आलं, निखाऱ्यांच्या कडेला टेकलं, धुरकटलं आणि काठ लाल झालेलं तेच पान दगडांवरून उडी मारून रानाच्या बाजूला निघालं. मोठं काही नव्हतं. तळहाताएवढं पान. पण आम्ही सगळे त्याच्याकडं पाहतच राहिलो, आणि त्याच्यामागं धावली ती प्रज्ञा. ओढ्याच्या काठावर तिनं ते पायाखाली रगडलं, आजूबाजूची पानं पायानं बाजूला सारली, परत आली, गाडीजवळचा पाण्याचा कॅन उचलला आणि सगळा रोडग्यांवर ओतला.

केवढी वाफ निघाली! राखेचा लोट बाबांच्या तोंडावर. तिनं दुसरा कॅन उचलला आणि तोही ओतला. मग काठीनं निखारे उकरून उकरून पाहिले, कुठं लाल राहिलं का.

बाबा चिमटा हातात धरून तसेच बसले होते, भुवयांवर राख.

"माह्या रोडग्यावर पाणी टाकलं तू," शेवटी ते म्हणाले.

"आग होती बाबा."

"माही होती."

"म्हणूनच मले टाका लागलं. दुसऱ्याची असती तं मॅडमनं टाकलं असतं."

ती बाई प्रज्ञाकडं पाहत होती. मजुरानं ओढ्याच्या पलीकडं जाऊन पानं पुन्हा तपासली. मग तिनं बाबांकडं वळून म्हटलं, "काका, उरलेली कणीक आहे का? माझ्या खोलीवर चूल आहे. चार भिंतींच्या आत. तिथं भाजा. उपाशी नका जाऊ."

बाबा उठले. मला वाटलं ते नाही म्हणणार. रागावलेल्या बाबांना जेवायला बोलावणं म्हणजे काय ते आम्हाला ठाऊक आहे. पण त्यांनी भिजलेले रोडगे एकेक करून पंच्यात बांधले, मॅडमना "चला" म्हटलं आणि गाडीत पुढं बसले.

कास्देकर मॅडमची खोली

त्यांचं नाव कास्देकर. इथल्याच वनरक्षक, धारणीकडच्या कोरकू समाजातल्या. खोली म्हणजे गावाच्या टोकाला दोन लहान खोल्या, पुढं सारवलेलं अंगण, मागच्या खोलीत चूल. गाव मला फार आवडलं. आमच्याकडं घरं एकमेकांकडं पाठ करून बसतात. इथं दोन्ही रांगा समोरासमोर, मधे झाडलेला रुंद रस्ता. कुणी दारात बसलं की त्याला सगळं गाव दिसतं आणि सगळ्या गावाला तो. भिंतींना पांढऱ्या-गेरूच्या रेघा, अंगणात कचरा म्हणून नाही.

चुलीवर रोडगे भाजता येत नाहीत, हे बाबांनी सगळ्यांना ऐकवलं. मग त्यांनी उरलेल्या कणकेचे चपटे पानगे केले, पळसाच्या पानात गुंडाळून विस्तवाच्या कडेला ठेवले. भिजलेले रोडगेही फोडून निखाऱ्यावर परत शेकले. निम्मे आतून कच्चे, बाहेरून करपलेले, राखेच्या चवीचे. सगळ्यांनी खाल्ले. कास्देकर मॅडमनी दोन खाल्ले आणि म्हणाल्या, "भाजी चांगली आहे."

"भाजीच चांगली हाय," बाबांनी कबूल केलं.

जेवताना बाबांनी त्यांची उलटतपासणी घेतली. एकटं कोण राहतं? मी. नवरा? अमरावतीला कामाला, सुट्टीत येतो. फोन लागतो का?

"त्या पाण्याच्या टाकीवर चढलं तर लागतो. संध्याकाळी सारं गाव टाकीवर असतं."

"रात्री भेव नाई वाटत?"

"वाटतं ना काका. मागच्या उन्हाळ्यात बिबट्यानं इथून कुत्रं नेलं, या उंबऱ्यावरून."

मी आईकडं पाहिलं. आईनं वरणाच्या वाटीत डोळे घातले. मला वाटलं, झालं, आता सोमवार गेला. कुणी मागितलं नसतानाही या बाईनं सलीमभाईपेक्षा मोठा दगड आणून वाटेत ठेवला होता.

"मंग राहता कशा?" बाबांनी विचारलं. आवाजात भांडण नव्हतं. खरंच समजून घ्यायचं होतं.

कास्देकर मॅडमनी जरा विचार केला. "पहिला महिना रोज रडली. बापाला टाकीवरून फोन करायची, ने मला म्हणून. दुसऱ्या महिन्यात वणवा लागला. तीन रात्री आम्ही आग झोडपत होतो. त्याच्यानंतर रडायचं राहूनच गेलं." त्यांनी पानगा मोडला. "आता वरच्या टेकडीवर जी झाडं आहेत ना काका, ती त्या वणव्यातून राहिलेली आहेत. मी जाता-येता पाहते. लेकरं पाहावी तशी."

बाबा पानावरचा घास तसाच धरून होते.

"बाप आला का न्यायला?"

"आला. दोन दिवस राहिला. मागची चूल त्यानंच बांधली. मग एकटाच गेला परत."

बाबांनी मान वळवून चुलीकडं पाहिलं. चांगली चूल होती. मातीची, दोन तोंडांची, काठ गोल घासलेले.

मग कास्देकर मॅडम प्रज्ञाला म्हणाल्या, "तू काय करते गं? मघाशी पानामागं धावली ते कुणी शिकवलं नाही कुणाला. शिकवून येत नाही."

प्रज्ञा काय बोलणार? तिचं उत्तर बाबांच्या तोंडात होतं. ती पळसाच्या पानाची कड दुमडत राहिली. मी तोंड उघडणार तेवढ्यात आईनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तुमच्यातच येऊन राहिली थे," बाबा म्हणाले. "बाजूच्या गावाले. सोमवारी."

घास त्यांनी तोंडात टाकला आणि चावत राहिले, मान खाली घालून, जसं काही हे त्यांनी कधीचंच सांगून टाकलं होतं आणि आम्हीच ऐकलं नव्हतं.

प्रज्ञा उठून अंगणात गेली. बऱ्याच वेळानं आली तेव्हा तिचं तोंड धुतलेलं होतं.

संध्याकाळी आम्ही प्रज्ञाचं गाव पाहून आलो. बाबांनी तिच्या खोलीची कडी तीनदा लावून पाहिली, शेजारच्या म्हाताऱ्याशी कोण कुठला करून ओळख काढली आणि पाण्याची टाकी कुठं आहे ते विचारलं. रात्री कास्देकर मॅडमच्या अंगणात तंबू लावला. बाबा गाडीत झोपतो म्हणाले नाहीत. आत आले, "पाय कुठं ठेवतात या पिशवीत?" म्हणून कुरकुरले, आणि आमच्या आधी घोरू लागले.

अमरावती

रविवारी परतवाड्यावरून खाली उतरलो आणि दुपारी अमरावती गाठली. प्रज्ञाला बूट आणि बाकीचं सामान घ्यायचं होतं; सोमवारी पहाटे मी तिला परत नेऊन सोडणार होते. माझ्या घरी जायच्या आधी बाबांना गिला वडा खाऊ घालायचा, असं मी ठरवलं होतं. भिजवलेला मऊ वडा, वर दही, चिंचेची चटणी, तिखट. अकोल्याच्या माणसाला अमरावतीची ही एक गोष्ट मनातल्या मनात आवडते, तोंडानं तो कबूल करत नाही.

वड्याच्या गाडीवर गर्दी होती. प्रज्ञा आणि आई समोरच्या दुकानात बूट पाहायला गेल्या. मी वड्याचे पैसे देत होते आणि बाबा बाकावर एका अनोळखी माणसाच्या शेजारी बसले होते. त्यानं विचारलं असावं, कुठून आले. मी मागं वळले तेव्हा बाबा त्याला सांगत होते:

"माही लहानी पोरगी, जंगलखात्यात लागली. उद्या जॉइन. वनरक्षक."

"अरे वा! पोरगी जात आन् जंगलात?"

"काहून? पोरीच्या हातानं आग नाई विझत का? पयली आग माहीच विझवली तिनं. म्या दहा मिनिटं मांगतले, पाच मांगतले. नाई म्हणजे नाई. भडभड पाणी ओतलं, माह्या डोयासमोर."

"तुमची कायची आग?"

"रोडग्याची."

त्या माणसाचा वड्याचा चमचा हवेतच राहिला. तो वऱ्हाडातलाच होता. त्याला दुःख झालेलं स्पष्ट दिसत होतं. "सारे गेले?"

"रोडग्याचं काय घेऊन बसले भाऊ," बाबा म्हणाले, आणि त्याला जागा व्हावी म्हणून बाकावर जरा सरकले. "पोरगी पाहा ना. थे तिकडं, बूट घालून पाहून राहिली थे."